प्रातिनिधिक

माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात एक पानभर छायाचित्र आहे. करड्या, खडबडीत पार्श्वभूमीवर होडीच्या आकाराचा एकच डायाटम. त्याच्या कवचावरच्या रेघा मोजता याव्यात इतक्या स्पष्ट. आणि त्याच्या दोन्ही अंगांनी कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले चार-दोन धागे. बाकी सारा पृष्ठभाग मोकळा. खाली ओळ आहे: 'ताम्रयुक्त रंगाचा प्रातिनिधिक पृष्ठभाग, बारा आठवड्यांच्या निमज्जनानंतर.' मौखिक परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमके याच पानावर थांबून 'सुरेख' असा शेरा मारला होता. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असावा.

त्या ओळीत एक शब्द सोडला तर खोटे काहीच नाही. रंग ताम्रयुक्त होता, आठवडे मोजून बारा झाले होते, छायाचित्रात कसलीही लबाडी नव्हती. जे दिसते ते तिथे होतेच. त्या एका शब्दाविषयी लिहावे असे बरीच वर्षे मनात होते. इथे लिहिणारे आणि वाचणारे बहुतेक जण साहित्याचे. 'प्रातिनिधिक कविता', 'प्रातिनिधिक कथा' अशी शीर्षके छापणाऱ्या आणि अभ्यासणाऱ्या लोकांना माझी अडचण प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांपेक्षा लवकर समजेल, असा माझा अंदाज आहे.

समुद्रात काहीही बुडवून ठेवले की त्यावर काहीतरी वाढते. आधी बुळबुळ धरते, मग शेवाळ, मग शंखशिंपल्यांच्या जातीचे आणि चुनखडी कवचाचे जीव. जहाजाच्या तळाला हे धरले की पाण्याचा अवरोध वाढतो आणि तेवढाच वेग राखण्यासाठी जास्त इंधन जाळावे लागते. मायकेल शुल्ट्झ यांनी २००७ साली नौदलाच्या एका फ्रिगेटसाठी जी गणना प्रसिद्ध केली, तिच्यानुसार तळावर कठीण कवचाच्या जिवांचा दाट थर असेल तर नेहमीच्या वेगाला ८६ टक्क्यांपर्यंत अधिक शक्ती लागते. नुसत्या बुळबुळीमुळे होणारी वाढही दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती. म्हणून तळाला रंग द्यायचा तो शोभेसाठी नव्हे. हा रंग पाण्यात हळूहळू विष सोडतो, किंवा इतका गुळगुळीत असतो की वर बसलेले वेगाच्या धक्क्याने गळून पडावे. असे रंग कितपत काम करतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवणे, हा माझा पाच वर्षांचा उद्योग होता. गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका धक्क्यावर, हातभर लांबीचे रंगवलेले फलक लाकडी चौकटीत अडकवून पाण्यात सोडायचे, ठरल्या आठवड्याला वर काढायचे आणि वाचायचे.

'वाचायचे' हा शब्द तेव्हा आम्ही सर्रास वापरत असू. फलक वाचला का, काचपट्टी वाचून झाली का. शास्त्रज्ञ मंडळी रूपके टाळतात असा एक गैरसमज आहे. ती फक्त रूपकांकडे लक्ष देत नाहीत.

हा विषय मी निवडला त्याला घरचे कारणही होते. माझे वडील सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावर मासेमारी करत. त्यांची होडी लाकडी. पावसाळ्याआधी ती वाळूवर ओढून झापांनी शाकारायची आणि नारळी पौर्णिमेच्या आधी तळ खरवडून, फटी काथ्याने बुजवून, रंग लावून पुन्हा पाण्यात ढकलायची, हा आमच्या घरचा वर्षाचा क्रम होता. आजोबांच्या वेळी मुशीच्या यकृताचे तेल वापरत. त्याचा वास घरातल्या पायऱ्यांना अजून येतो असे आई म्हणत असे. हंगामाच्या मधेही बाबा होडी किनाऱ्याला लागली की पाण्यात कमरेभर उभे राहून तळावरून हात फिरवत. डोळ्यांनी ते पाहत नसत, कारण पाण्याखाली पाहण्यासारखे काही नसे. हाताने कळे. लहानपणी मी विचारले होते तेव्हा म्हणाले होते, "हात फिरवन बघ गो बाय. नुसत्या डोळ्यांक काय कळतला?" पुढे मी नुसत्या डोळ्यांचाच धंदा पत्करला.

पहिली अडचण शब्दांची होती. या बुळबुळीला परिभाषेत 'जैवपटल' म्हणतात. शब्द वाईट नाही, पण पटल म्हटले की डोळ्यांसमोर ताणून बसवलेला, सारख्या जाडीचा पडदा येतो, आणि प्रत्यक्षात ही गोष्ट तशी नसते. ती उंचसखल, भोकाभोकांची, जागोजाग लोंबणारी असते. जिवाणू आणि डायाटम आपल्या भोवती शर्करांचा चिकट लगदा सोडतात आणि त्याच लगद्यात राहतात. वजनाने पाहिले तर तिचा बहुतांश भाग पाणीच. त्या मानाने डायाटमला मराठी परिभाषाकारांनी दिलेले 'करंडक वनस्पती' हे नाव मला फार आवडते. वाळूतल्या सिलिकाचे कवच, दोन शकलांचे, एक दुसऱ्यावर झाकणासारखे बसणारे. कुंकवाचा करंडाच. माझ्या छायाचित्रातला डायाटम नॅव्हिक्युला या वंशातला आहे, आणि या लॅटिन शब्दाचा अर्थ छोटी होडी. होडीच्या तळावर होडी. हा योगायोग मला तेव्हा फार भावला होता, आणि पुढच्या सगळ्या प्रकरणात त्या भावण्याचा वाटा आहे.

पाठ्यपुस्तकांत या वाढीचा क्रम मोठा नेटका दिलेला असतो. पहिल्या काही मिनिटांत पाण्यातल्या सेंद्रिय रेणूंचा अदृश्य लेप. काही तासांत जिवाणू. काही दिवसांत डायाटम. मग काही आठवड्यांत मोठ्या जिवांचे डिंभ. वाङ्मयेतिहासातल्या कालखंडांसारखेच हे. शिकवायला सोयीचे, आणि प्रत्यक्ष फलक हातात घेतला की मोडणारे. माझ्या फलकांवर तिसऱ्या दिवशी डिंभ सापडले आहेत आणि दहाव्या आठवड्यात काही जागा जवळजवळ कोऱ्या सापडल्या आहेत. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होऊ लागले की सगळाच क्रम नव्याने मांडावा लागे.

तांब्याची हकिकत मात्र सांगायला हवी, कारण तिच्यात एक कवी येतो. ब्रिटिश नौदलाने १७६१ साली 'अलार्म' नावाच्या फ्रिगेटचा लाकडी तळ तांब्याच्या पत्र्याने मढवून पाहिला. तळ स्वच्छ राहिला. पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यात झपाट्याने गंजून गेले. पुढे खिळ्यांचा प्रश्न सुटला आणि तांब्याचे तळ रूढ झाले, तरी तांबे स्वतः झिजत राहिले, आणि तांबे महाग. १८२४ साली हम्फ्री डेव्ही यांनी त्यावर उपाय काढला. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडायचे. समुद्र ते तुकडे खाईल आणि तांबे वाचेल. रसायनशास्त्र म्हणून हे निर्दोष होते. तांबे खरोखरच वाचले. आणि वाचलेल्या तांब्यावर शेवाळ आणि कवचधारी जीव दाट वाढले, जहाजे मंदावली, आणि नौदलाला तो उपाय सोडून द्यावा लागला. तांब्याचा तळ स्वच्छ राहत होता तो तांबे विरघळत होते म्हणून. त्याला अक्षत ठेवले की त्याचा उपयोग संपला.

हे डेव्ही तेच, ज्यांच्याकडे १८०० साली वर्ड्‌स्वर्थने 'लिरिकल बॅलड्स'च्या दुसऱ्या आवृत्तीची हस्तलिखिते विरामचिन्हे तपासण्यासाठी पाठवली होती. दोघांची तोवर भेटही झालेली नव्हती. तरुण डेव्ही ब्रिस्टलमध्ये होते, स्वतः कविता लिहीत होते, आणि कोलरिजचे स्नेही होते. त्या पुस्तकातले स्वल्पविराम पाहणारा माणूस चोवीस वर्षांनी तांब्याचा तळ पाहत होता हे कळल्यावर मला माझ्या विषयाबद्दल पहिल्यांदा थोडा अभिमान वाटला. आजही बहुसंख्य तळरंगांत ताम्र-ऑक्साइडच असते, विटकरी लाल, आणि ते विरघळत राहावे याचाच सगळा खटाटोप असतो.

आता सूक्ष्मदर्शकांकडे येते. रंगाचा फलक वाचणे काचपट्टी वाचण्याइतके सोपे नाही. काचेतून प्रकाश खालून आरपार जातो. रंग अपारदर्शक, म्हणून प्रकाश वरून टाकावा लागतो. ताम्र-ऑक्साइडचे कण साधारण जिवाणूंच्याच मापाचे, तेव्हा गोल ठिपका दिसला की तो जीव की रंग हे ठरवायला कोरा फलक शेजारी लागतो: तोच रंग, तितकेच आठवडे, पण निर्जंतुक केलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवलेला. रंगातली राळ काही प्रकाशात स्वतःच चमकते आणि भलतेच आकार दाखवते. नवशिका विद्यार्थी पहिल्या महिन्यात रंगालाच जिवाणू म्हणून मोजतो. मीही मोजले आहेत.

माझ्याकडे तीन साधने होती. पहिले फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक. डॅपी नावाचे रंगद्रव्य पेशीतल्या डीएनएला चिकटते आणि अतिनील प्रकाशात निळे चमकते. डायाटममधले हरितद्रव्य आपणहून लाल चमकते. अंधाऱ्या खोलीत बसून काळ्या आकाशातले निळे आणि लाल तारे मोजावेत तसे ते काम. या साधनाने पेशींची संख्या मिळते. पेशींच्या भोवतालचा लगदा मात्र दिसत नाही, कारण त्यात चिकटायला डीएनए फारसे नसते.

दुसरे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. त्याच्यात नमुना निर्वात पोकळीत ठेवावा लागतो, म्हणजे त्यात पाण्याचा थेंब राहता कामा नये. आधी ग्लुटाराल्डिहाइडमध्ये पेशी घट्ट करायच्या, मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून एकेक पायरीने पाणी काढायचे, मग द्रवरूप कार्बन डायऑक्साइडच्या साह्याने कोरडे करायचे आणि शेवटी वर सोन्याचा पातळ मुलामा. हे सगळे झाले की अतिशय देखणे चित्र मिळते, आणि ज्या गोष्टीचे ते चित्र असते तिच्यातली बहुतांश वस्तू निघून गेलेली असते. पाणी गेले की लगदा आकसतो, कोसळतो, आणि त्याचे धागे उरतात. माझ्या छायाचित्रातले ते कोळ्याचे जाळे म्हणजे एका जाड, ओल्या थराचे वाळवण होते. मी पहिल्या मसुद्यात त्याला 'तंतुमय रचना' असे नाव दिले होते आणि तिच्यावर दीड पान लिहिले होते.

तिसरे कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक. लेसरचा किरण नमुन्यात हव्या त्या खोलीवर एकवटतो आणि त्या खोलीबाहेरचा प्रकाश अडवला जातो. त्यामुळे ओला, जिवंत थर न कापता कापासारखा पाहता येतो. एकावर एक काप रचले की उंची मिळते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जैवपटले अशी पाहिली गेली तेव्हा त्यांच्यात मनोरे आणि पाण्याच्या वाटा दिसल्या, आणि सपाट पडद्याची कल्पना मागे पडली. शर्करांना चिकटणारी रंगद्रव्ये वापरली की लगदाही दिसतो. हे यंत्र आमच्याकडे नव्हते. दुसऱ्या संस्थेत वेळ मागून जावे लागे, म्हणून मी ते शेवटच्या वर्षावर ढकलले होते.

एका रंग बनवणाऱ्या कंपनीने पाठवलेले दोन ताम्रयुक्त रंग माझ्याकडे होते. त्यांना इथे क आणि ख म्हणते. बारा आठवड्यांनंतर मी दोघांवरच्या पेशी मोजल्या. क वर कमी भरल्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीही क जवळजवळ मोकळा दिसला. ते सुप्रसिद्ध छायाचित्र त्याचेच. अहवालात लिहिले की क सरस. अहवाल गेला.

त्याच सुमारास बाबा दोन दिवस गोव्याला आले होते. मी त्यांना धक्क्यावर नेले, फलक वर काढून दाखवले. त्यांनी ते माझ्यासारखे कडेने धरले नाहीत. तळहात टेकवला आणि वरून खाली ओढला. एकावर, मग दुसऱ्यावर. क कडे बोट दाखवून म्हणाले, हा जास्त बुळबुळीत. मी हसले. नमुना बिघडवला म्हणून मनातून थोडी रागावलेही, आणि तो फलक मोजणीतून बाद केला. सांगायला हवे की तिसऱ्या एका फलकाला त्यांनी अगदी स्वच्छ म्हटले होते, आणि त्यावर जिवाणूंचा सलग थर होता, काही मायक्रॉन जाडीचा, जो कोणाच्याही तळहाताला कळला नसता. तेव्हा ही अडाणी शहाणपणाने विज्ञानाला हरवल्याची गोष्ट नव्हे. तसल्या गोष्टी मला आवडत नाहीत, आणि बाबांनाही आवडल्या नसत्या. त्यांना मी मोजते त्याचे कौतुकच होते.

गोष्ट फुटली ती एका साध्या प्रश्नाने. प्रयोगशाळेत नव्याने आलेली एक विद्यार्थिनी माझ्याकडून मोजणी शिकत होती. नियम असा की एका फलकावर तीस क्षेत्रे पाहायची आणि सरासरी काढायची. मी नमुना सरकवत होते, थांबत होते, मोजत होते. ती म्हणाली, "ताई, इथेच का थांबलात?"

मी म्हटले, "सहज."

आणि हे म्हणताना माझा हात चाकावर होता आणि मला स्पष्ट जाणवले की तो सहज थांबलेला नाही. तो आधीच्या जागेवरून पुढे सरकला होता, कारण तिथे सगळे गिचमिड होते: पेशींवर पेशी, मधे गाळ, मोजता न येणारे. हा थांबला तिथे चित्र स्वच्छ होते, पेशी सुट्या होत्या. मला मोजता येईल, पाहत राहावेसे वाटेल, अशा ठिकाणी मी थांबत होते. तीसपैकी तीस वेळा. दोन वर्षे. मी कधी आकडा बदलला नाही, कधी क्षेत्र वगळून पुन्हा घेतले असे वहीत लिहावे लागले नाही, कारण वगळण्याची क्रिया मोजणीच्या आधी, चाक फिरवणाऱ्या बोटांतच पार पडत होती.

त्या रात्री मी सांख्यिकीच्या पुस्तकामागचे यादृच्छिक आकड्यांचे कोष्टक काढले. त्यातले दोन-दोन आकडे घ्यायचे, एक आडवा, एक उभा, तितके चाक फिरवायचे आणि जिथे येईल तिथे, डोळे नेत्रिकेला लावण्याआधीच, थांबायचे. पहिले क्षेत्र: गाळ. दुसरे: रंगातली भेग. तिसरे: अँफोरा नावाच्या अर्धचंद्राकृती डायाटमांची इतकी दाटी की एकाची कड दुसऱ्याखाली. पुढेही अँफोराच. तांबे सोसणारा म्हणून तो प्रसिद्धच आहे; ताम्रयुक्त रंगांवरच्या बुळबुळीत तोच बहुधा पुढे असतो, हे मी प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात इतरांच्या हवाल्याने स्वतः लिहिले होते. माझी ती देखणी छोटी होडी मला त्या रात्री साठ क्षेत्रांत एकदाही भेटली नाही.

एवढ्यावर थांबले असते तर चूक फक्त निवडीची ठरली असती. पुढल्या महिन्यात कॉन्फोकलवर वेळ मिळाला. क वरचा थर ख वरच्या थरापेक्षा उंच निघाला, आणि त्यात पेशी थोड्या आणि लगदा फार. ख वर पेशी जास्त, पण थर पातळ, रंगाला बिलगलेला. म्हणजे पेशी मोजल्या तर क सरस, उंची मोजली तर ख. मी तोवर 'वाढ किती' हा एकच प्रश्न आहे असे धरून चालले होते. जहाजाला पेशींच्या संख्येशी देणेघेणे नसते. त्याला पाण्याशी घासणारी, लोंबणारी बुळबुळ नडते. शिवाय हा लगदा तांब्याचे आयन बांधून ठेवतो, त्यामुळे आतल्या जिवांपर्यंत विष कमी पोहोचते. ज्याला मी मोकळी जागा म्हणून कमी गुण दिले होते ती जागा म्हणजे त्यांचे घर होते, आणि माझ्या पहिल्या दोन साधनांपैकी एकाला ते दिसत नव्हते आणि दुसऱ्याने ते दाखवण्याआधीच वाळवून टाकले होते.

लेवेनहुकची आठवण इथे होते. १६८३ साली त्याने स्वतःच्या दातांवरचा पांढरा मळ खरवडून भिंगाखाली पाहिला आणि रॉयल सोसायटीला कळवले की त्यात अगणित जीव हलत आहेत. जैवपटलाकडे माणसाने पाहिल्याची ही पहिली नोंद मानतात. पण तो तिथे थांबला नाही. स्वतः दात घासणारा. म्हणून त्याने दुसऱ्यांचे दात पाहिले, बायकांचे, मुलाचे, आणि आयुष्यात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याचे. पेशाने कापडव्यापारी माणूस. एका टोकाचा नमुना पाहून ठाण पसंत करायचे नसते, हे त्याला ठाऊक असणार.

सरांना मी सगळे सांगितले. ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहीत लिहिलंस?" मी म्हटले, हो. "मग पुरवणी अहवाल लिही." एवढेच. रागावले असते तर सोपे गेले असते. पुरवणी अहवाल गेला, एक हंगाम पुन्हा करावा लागला, प्रबंध वर्षभर लांबला. कंपनीने दोन्ही अहवाल मिळाल्याची पोच दिली. तिने त्यांचे काय केले, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

या वर्षभरात मी इतरांचे जुने निष्कर्ष वेगळ्या नजरेने वाचू लागले. विशेषतः ट्रायब्युटिल टिनविषयीचे. कथिलाचे हे संयुग घातलेले रंग १९७०च्या दशकात सर्वत्र पसरले आणि फलकावर त्यांच्याइतके चांगले काही नव्हते. फलक अक्षरशः कोरे राहत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना पैकीच्या पैकी गुण. त्याच दशकाच्या शेवटी फ्रान्सच्या किनाऱ्यावर, आर्काशोंच्या उपसागरात, कालवांची पैदास कोसळली. डिंभ टिकेनात, मोठ्या कालवांचे शिंपले जाड आणि वेडेवाकडे होऊ लागले, त्यांच्या थरांत पोकळ्या पडून त्यांत चिकट द्रव साचू लागला. कारण आसपासच्या नौकांच्या तळांचा रंग होता. फ्रान्सने १९८२ साली लहान नौकांसाठी हा रंग बंद केला. काही समुद्री गोगलगाईंच्या माद्यांना नराचे अवयव फुटत असल्याचे दिसले, तेही याच विषाने, आणि पाण्यातल्या अत्यंत अल्प प्रमाणाने. आंतरराष्ट्रीय करार २००१ साली झाला आणि १७ सप्टेंबर २००८ रोजी अमलात आला. (लेवेनहुकच्या त्या पत्राची तारीखही १७ सप्टेंबरच. याचा काही अर्थ नाही. पण अशा गोष्टी लक्षात राहतात.)

मला यातले भयंकर वाटले ते हे, की फलक वाचणाऱ्यांचे वाचन चुकलेले नव्हते. त्यांनी कदाचित माझ्यासारखी देखणी क्षेत्रे निवडली नसतील; कोष्टके वापरली असतील, कोरे फलक शेजारी ठेवले असतील. फलक खरोखरच स्वच्छ होता. स्वच्छ का आहे याचे उत्तर शेजारच्या खाडीतल्या कालवात होते, आणि ते कालव कोणाच्याही भिंगाखाली ठेवलेले नव्हते. त्यानंतर मला फार स्वच्छ फलक दिसला की आनंद होत नाही. संहितेबाहेर काही पाहू नये असे आग्रहाने सांगणारे एक शिक्षक मला पदवीपूर्व वर्षांत मराठीला होते; त्यांचे म्हणणे कवितेपुरते मला अजूनही बरेचसे पटते.

राहता राहिले छायाचित्र. चौथे प्रकरण मी पूर्ण नव्याने लिहिले. कोष्टके बदलली, क आणि ख यांच्यातली स्पर्धाच काढून टाकली, धाग्यांवरचे दीड पान गेले आणि त्याच्या जागी वाळवणामुळे होणाऱ्या विकृतीवर एक परिच्छेद आला. पण प्रकरणाच्या तोंडाशी एक चित्र हवे होते. यादृच्छिक क्षेत्रांची शेकडो चित्रे माझ्याकडे होती. गिचमिड, धुरकट, गाळाने भरलेली. ती मी एकामागून एक लावून पाहिली. बांधणीवाल्याकडे पाने द्यायची आदली रात्र होती. शेवटी मी जुनेच चित्र लावले. खालची ओळही तीच राहिली. विसरले म्हणून राहिली असे मी पुष्कळांना सांगितले आहे, परंतु मी ती त्या रात्री वाचली होती, 'प्रातिनिधिक' या शब्दावर थांबले होते, आणि पुढे गेले होते. चाक सरकवावे तशी.

कविता निवडणाऱ्या संपादकांना असे होते का, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. एखाद्या कवीच्या पाचशे कवितांतून पन्नास काढताना बोटे गिचमिडीवरून आपोआप पुढे सरकतात का. आणि पुस्तकावर तो शब्द छापताना ती क्षणभर थांबतात का.

माझ्या स्वतःच्या प्रतीत मी पुढे कधीतरी तो शब्द पेन्सिलीने खोडला आणि वर 'निवडलेला' असे लिहिले. व्याकरण जमते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोन प्रती आहेत. त्यांत काही करता येत नाही. एकदा त्या गावी कामाने गेले असताना त्यातली एक मागवून पाहिली. चौथ्या प्रकरणापाशी कोणीतरी बसचे तिकीट खूण म्हणून ठेवले होते, आणि छायाचित्राखालच्या ओळीला निळ्या शाईने अधोरेखित केले होते.

बाबांनी होडी विकली त्याला आता बरीच वर्षे झाली. घेणाऱ्याने तिला फायबरचे आवरण चढवले आहे. बाबा अजूनही संध्याकाळी किनाऱ्यावर जातात, आणि ती ओढून घेतलेली असली तर तिच्या तळावरून हात फिरवून येतात.